एकपात्रीपासून स्टँड-अपपर्यंत : मराठवाड्यातील घरांनी एकत्र हसण्याची पार्श्वभूमी

मराठवाड्यात विनोद ऐकण्याच्या बहुतेक जागा पूर्वी घरातल्या माणसांना वेगवेगळे करणाऱ्या होत्या. एकनाथांच्या भारुडाला पैठण परिसरातच नव्हे, तर सगळ्या गोदाकाठी घरातील सर्वजण जात, कारण ते देवळापुढे होत असे आणि त्यातले हसू शेवटी परमार्थाकडे वळत असे. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतील तमाशाच्या तंबूत मात्र पुरुषच बसत, आणि सोंगाड्या काय बोलला ते घरी सांगण्याची पद्धत नव्हती. हैदराबाद संस्थानात उर्दू माध्यमातून शिकलेल्या पिढीला दखनी शायरीतील गमतीची गोडी होती. परंतु १९४८ नंतर शाळेत गेलेल्या त्यांच्या मुलांना उर्दू लिपीही वाचता येईना, त्यामुळे ती गोडी बैठकीच्या खोलीतच संपली.

आजी, सून आणि नातू यांनी शेजारी बसून दोन-तीन तास निव्वळ हसण्यासाठी हसावे, ही सवय एकपात्री प्रयोगांनी लावली. मुंबईच्या चाळीवरील बहुरूपी प्रयोगाने १९६१ मध्ये मराठी प्रेक्षकांना एका माणसाचा रंगमंच ओळखीचा करून दिला होता. मराठवाड्याच्या दृष्टीने निर्णायक वर्ष मात्र १९७९ चे आहे. त्या वर्षी औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हा प्रयोग रंगमंचावर आणला. मराठवाड्यातील एका खेड्यातले कुटुंब लग्नासाठी विमानाने विलायतेला निघते, एवढ्याच धाग्यावर बावन्न पात्रे एकट्याने उभी करणारा हा प्रयोग पुढे गिनेस बुकात नोंदला गेला. त्यात नट बसत नव्हता, नेपथ्य जवळजवळ नव्हते, आणि प्रेक्षक ज्यावर हसत ती माणसे त्यांच्या गल्लीत राहणारी होती. आजच्या स्टँड-अप कलाकाराला लागणाऱ्या बहुतेक गोष्टी तिथे होत्या. फक्त एकपात्री नट ‘मी’ म्हणून बोलत नाही, पात्र म्हणून बोलतो, एवढा फरक होता.

तालुक्याच्या गावी नाट्यगृह नसे, म्हणून असे कार्यक्रम गणेशोत्सवाच्या मांडवात किंवा शाळेच्या मैदानावर होत आणि तिकीट नसल्यामुळे सगळे घर येऊ शकत असे. प्रयोगाला जाता आले नाही त्यांच्यासाठी ध्वनिफिती होत्या. सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर हे १९८० च्या दशकातील घराचे सर्वांत लोकशाहीवादी यंत्र होते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. तो ओसरीत लावला की आवाज स्वयंपाकघरापर्यंत जाई आणि कोणाला ऐकू द्यायचे, कोणाला नाही, हा प्रश्नच उरत नसे. त्या फिती इतक्या वेळा वाजत की मुलांना संवाद पाठ होत आणि वाक्य संपण्याच्या आधीच घर हसत असे. पाहुणे आले की मुलाला एखादा उतारा ‘करून दाखव’ म्हणून सांगितले जाई. पुढे ओपन माइकला, म्हणजे कोणीही माइकवर येऊन विनोद करून पाहावा अशा कार्यक्रमाला, उभ्या राहिलेल्या मुलांचा पहिला रंगमंच पुष्कळदा हाच होता.

या सगळ्यात खरा वाद होता तो बोलीचा, आणि तो आजही मिटलेला नाही. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९५८ मध्ये औरंगाबादला विद्यापीठ झाले, आणि नोकरीचा जिना प्रमाण मराठीतून वर जातो हे पालकांच्या लक्षात आले. त्यामुळे शाळामास्तर ‘मी जायलो’ म्हणणाऱ्या मुलाला ‘मी जात आहे’ असे दहादा लिहायला लावत. ‘काहून’ विचारणाऱ्याला ‘का’ शिकवत. नेमक्या याच मास्तरांच्या पिढीने संध्याकाळी मांडवात बसून ‘जायलो’, ‘करायलो’ ऐकले आणि पोट धरून हसली. टीकाकारांचे म्हणणे असे होते, आणि ते सहज उडवून लावण्याजोगे नाही, की पुण्या-मुंबईच्या प्रेक्षागृहात ही बोली गेली ती गावंढळपणाची खूण म्हणून गेली. तिथला प्रेक्षक माणसांच्या करामतींवर हसत नव्हता, उच्चारांवर हसत होता. मराठवाड्यातला डॉक्टर किंवा न्यायाधीश कधी रंगमंचावर त्याच बोलीत गंभीरपणे का बोलत नाही, हा त्यांचा प्रश्न होता. २००० नंतरच्या दशकात बीडकडच्या एका अभिनेत्याने चित्रपटात हीच बोली नायकाच्या तोंडी दिली, तेव्हाही नायक विनोदीच होता, याकडे ते बोट दाखवतात. प्रस्तुत लेखकाला मात्र दुसरी बाजू अधिक खरी वाटते. शाळेने जी बोली मुलांच्या तोंडून काढून टाकली, ती घरात परत आणण्याचे काम दुसऱ्या कोणत्याही संस्थेने केले नाही, ते त्या ध्वनिफितींनी केले. आणि आपल्या बोलीवर आपण हसणे व दुसऱ्याने हसणे यांतला फरक मांडवातल्या माणसाला टीकाकारांइतकाच कळत होता.

दूरचित्रवाणीचा काळ थोडक्यात आटोपता येईल. हिंदी वाहिनीवरील २००५ च्या विनोदस्पर्धेने एकट्याने माइकसमोर उभे राहण्याचा प्रकार घरोघरी नेला, २०१० नंतर मराठी वाहिन्यांनी प्रहसनांचे कार्यक्रम सुरू केले, आणि घर पुन्हा एका पडद्यासमोर बसले. अर्थात ग्रामीण भागात भारनियमन नसेल त्या दिवशी. ध्वनिफितीला वीज लागत नव्हती, हे त्या वर्षांत पुष्कळांना आठवले असेल.

सप्टेंबर २०१६ पासून स्वस्त इंटरनेट आले आणि प्रत्येकाच्या हाती वेगळा पडदा गेला. इंजिनिअरिंगसाठी किंवा स्पर्धापरीक्षेसाठी पुण्याला राहिलेली लातूर-परभणीची मुले तिथल्या कॅफेंतील ओपन माइकला जाऊ लागली, त्यांतली काही माइकवर उभीही राहिली. सुरुवातीला ती पुणेरी वळणाची, हिंदी मिसळलेली मराठी बोलत. टाळी मात्र पडे ती ‘काय करायलास बे’ या एका वाक्याला. अडचण अशी होती की त्यांच्यातील अनेकांना ती बोली अस्खलित येतच नव्हती, कारण आईवडिलांनी ती घरात बोलू दिली नव्हती. ती येत होती आजीला. म्हणून ही मुले सुटीत गावी आली की आजीचे बोलणे फोनवर ध्वनिमुद्रित करून नेऊ लागली, आणि आजीही ‘त्यात माझं काय सांगितलंस’ म्हणून चित्रफीत मागू लागली. पूर्वी विनोद मोठ्यांकडून लहानांकडे येत असे. आता त्याचा कच्चा माल आजीचा, शिवण नातवाची, आणि मधली पिढी दोघांनाही ‘हे बाहेर सांगू नका’ म्हणणारी, अशी वाटणी झाली आहे.

विषयांतही ही देवाणघेवाण दिसते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले, तेव्हा पाण्यावरचे विनोद तरुणांनी केले. त्यावर घरातील वडीलधाऱ्यांनी १९७२ च्या दुष्काळातील किस्से काढले : दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेल्यांची हजेरी, सुकडीची (दुष्काळात वाटल्या जाणाऱ्या कोरड्या पौष्टिक खाण्याची) रांग, घशाखाली न उतरणारा लाल मायलो (परदेशातून आलेली ज्वारी). हे किस्से चाळीस वर्षे घरात सांगितले जात होते, रंगमंचावर मात्र फारसे आले नव्हते. पुण्यात सुकडी म्हणजे काय ते आधी सांगावे लागते आणि तेवढ्यात विनोद थंड होतो. बीड-लातूरच्या प्रेक्षकांत ते सांगावे लागत नाही.

जिथे पिढ्या अडतात ती जागा शिव्यांची आहे. तमाशाच्या तंबूत आजोबांनी त्या ऐकल्या होत्या, परंतु सुनेसमोर नव्हेत. नातवाच्या चित्रफितीत त्या सर्वांसमोर येतात. त्याहून मोठी धास्ती मधल्या पिढीला राजकीय विनोदाची आहे. जानेवारी २०२१ मध्ये इंदूरला एका स्टँड-अप कलाकाराला अटक झाली, मार्च २०२५ मध्ये मुंबईत एका विनोदी कार्यक्रमानंतर तिथल्या सभागृहाची मोडतोड झाली. तेव्हापासून गावाकडच्या पुढाऱ्यांची नक्कल घरात कितीही रंगली, तरी ती माइकवर करायची नाही, अशी अट अनेक आईवडील घालतात, आणि ती अट मोडायला नातवाला बळ देण्याचे काम बहुतेक वेळा आजोबाच करतात.