बॅकगॅमन : डावपेच व सराव

बॅकगॅमन : दोघांनी फाशांच्या साहाय्याने खेळावयाचा बैठा खेळ. पटावर चोवीस निमुळती घरे असतात; प्रत्येकाकडे पंधरा सोंगट्या. दोन फाशांवरील दानाप्रमाणे सोंगट्या परस्परविरुद्ध दिशांनी चालवून त्या प्रतिस्पर्ध्याआधी पटाबाहेर काढायच्या. घरात एकटी सापडलेली सोंगटी मारता येते. दोन किंवा अधिक सोंगट्या असलेले, म्हणजे बांधलेले, घर प्रतिस्पर्ध्याला बंद असते. सारीपाट खेळलेल्यांना यातील बहुतेक गोष्टी ओळखीच्या वाटतील.

उगमाविषयी मतभेद आहेत. इराकमधील ऊर येथे सापडलेले इ. स. पू. सुमारे २६०० च्या काळातील पट याचे पूर्वज म्हणून दाखवले जातात. मात्र त्या खेळापासून बॅकगॅमनपर्यंतची सलग परंपरा सिद्ध झालेली नाही. इराणी परंपरेत नर्द या बॅकगॅमनसारख्या खेळाचे श्रेय राजा खुसरौ पहिला (कारकीर्द ५३१–५७९) याचा मंत्री वुझुर्गमिहर याला दिले जाते. हिंदुस्थानच्या राजाने पाठवलेले बुद्धिबळाचे कोडे सोडवून त्याने उलट नर्द पाठवला, तीस सोंगट्या म्हणजे महिन्याच्या तीस अहोरात्री, असे पहलवी या जुन्या इराणी भाषेतील एक ग्रंथ सांगतो. त्या ग्रंथाचा काळ सहाव्या ते नवव्या शतकांदरम्यान निरनिराळा धरला जातो आणि कथा उघडच प्रतीकात्मक आहे. बॅबिलोनी तालमूद या ज्यू धर्मग्रंथातील ‘नर्दशीर’ हा उल्लेख तिच्याहून जुना असावा, पण तो याच खेळाचा की दुसऱ्या, यावर एकमत नाही. प्रत्यक्ष मांडणीचा पुरावा हवा असेल, तर ‘टॅब्युला’ या रोमन पटखेळाची बाजू अधिक भक्कम दिसते. बायझंटिन सम्राट झीनो याच्यावर सुमारे ४८० मध्ये ओढवलेला एक डाव अगाथियास या कवीने नोंदवून ठेवला आहे. तीन फाशांवर २, ५, ६ असे दान पडले आणि बांधलेली घरे मोडून सम्राटाच्या आठ सोंगट्या एकट्या पडल्या. एकट्या सोंगटीचे भय तेव्हाही आजच्याइतकेच होते.

वेरूळच्या लेण्यांत, विशेषतः रामेश्वर लेण्यात (क्र. २१), शिव-पार्वतीच्या अक्षक्रीडेचे शिल्प आहे. भारतीय शिल्पांतील अशा काही पटांची ठेवण नर्दच्या पटासारखी असल्याचे काही अभ्यासकांचे मत आहे. ते विचारार्ह असले, तरी दगडातील झिजलेल्या पटावरून खेळाचे नियम ठरवणे धाडसाचे होईल. भाषेतील दुवा अधिक ठळक आहे : मराठीत सोंगटीला ‘नरद’ असाही शब्द आहे आणि तो फार्सी ‘नर्द’वरूनच आला.

डावपेचांवर इंग्रजीत एडमंड हॉइलने १७४३ मध्ये पुस्तिका लिहिली. खेळाला आजचे स्वरूप मात्र १९२० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये आले. तेथे दुपटीचा फासा (डबलिंग क्यूब) रूढ झाला. याच्या बाजूंवर २ पासून ६४ पर्यंत आकडे असतात. आपल्या पाळीला, फासे टाकण्यापूर्वी, खेळाडू पैज दुप्पट करण्याचा प्रस्ताव मांडतो. समोरच्याने नकार दिल्यास तो चालू पैज हरतो; स्वीकारल्यास फासा त्याच्या ताब्यात जातो व पुढची दुप्पट तोच मागू शकतो. स्वीकारावे कधी? चार सारख्या डावांत नकार दिला, तर चार गुण जातात. चारही स्वीकारून एक जिंकला व तीन हरले, तर दुप्पट पैजेमुळे दोन गुण मिळतात व सहा जातात, म्हणजे पुन्हा चारच. म्हणून जिंकण्याची शक्यता २५ टक्के असली, की दोन्ही पर्याय सारखे. परंतु ताब्यातल्या फाशाचे स्वतःचे मोल असते. एमेट कीलर व जोएल स्पेन्सर यांनी १९७५ मध्ये आदर्श, अखंड बदलणाऱ्या खेळासाठी ही सीमा २० टक्के दाखवली. प्रत्यक्ष शर्यतीत, म्हणजे दोघांच्या सोंगट्या एकमेकींना ओलांडून गेल्यावर, ती या दोहोंच्या मधे पडते. व्यवहारात अशा शर्यतीत दोन्ही बाजूंच्या सर्व सोंगट्यांना बाहेर पडेपर्यंत चालायची उरलेली एकूण घरे मोजतात (आरंभी प्रत्येकी १६७) : आघाडीवरच्याला १०० उरली असता प्रतिस्पर्ध्याला १०८ असतील तर दुप्पट मागावी, आणि ११२ पर्यंत प्रतिस्पर्ध्याने ती स्वीकारावी. शिकणाऱ्याने खेळ्यांआधी हेच पक्के करावे, कारण सोंगटीच्या चुकीपेक्षा दुपटीची चूक महाग पडते.

सोंगट्यांच्या चालीत ३६ संभाव्य दानांचा हिशेब मुख्य. मारणाऱ्या सोंगटीपासून सहा घरे दूर असलेली एकटी सोंगटी १७ दानांनी मारली जाते, सात घरे दूर असलेली फक्त ६ दानांनी. एका घराच्या अंतराने एवढा फरक पडतो. ३-१ या पहिल्या दानाला पाचवे घर (आपल्या बाहेर पडण्याच्या टोकापासून मोजून) बांधावे, यावर वाद नाही. २-१, ४-१, ५-१ यांना मात्र पूर्वी एक सोंगटी पाचव्या घरात एकटीच सोडत; तिला मारणारी दाने ३६ पैकी १५. आयबीएममधील जेराल्ड टेसॉरो यांचा टीडी-गॅमन हा प्रोग्रॅम १९९० च्या दशकाच्या आरंभी स्वतःशीच लाखो डाव खेळून शिकला आणि त्याने त्याऐवजी सर्वांत मागच्या दोन सोंगट्यांपैकी एक पुढे सरकवणे पसंत केले. ४-१ व ५-१ बाबत त्याचा कौल टिकला. २-१ ला दोन्ही खेळ्या जवळजवळ तुल्यबळ ठरतात.

त्याआधी १९७९ मध्ये मॉन्टे कार्लो येथे हान्स बर्लिनर यांच्या बीकेजी प्रोग्रॅमने जगज्जेता लुइजी व्हिला याला ७-१ असे हरवले होते. बर्लिनर यांनी नंतर डाव तपासले, तेव्हा खेळ व्हिलाचाच सरस होता आणि दाने यंत्राला अनुकूल पडली होती असे दिसले. सरावाची आजची पद्धत याच भेदावर उभी आहे. डाव जिंकला की हरला हे बाजूला ठेवून प्रत्येक निर्णय जीएनयू बॅकगॅमन (मोफत) किंवा एक्स्ट्रीम गॅमनकडून तपासून घेतात. संशय असलेली स्थिती प्रोग्रॅम पुढे अनेकदा खेळून पाहतो. त्यासाठी १,२९६ ही संख्या सोयीची असते, कारण ती ३६ × ३६ असल्याने पहिली दोन दाने सर्व प्रकारे सारखी वाटली जातात. प्रोग्रॅमचा कौल पाहण्यापूर्वी आपली खेळी व तिचे कारण लिहून ठेवावे. नुसते उत्तर वाचल्याने ते पटते, पण पुढच्या डावात आठवत नाही. चुकलेल्या स्थिती काही आठवड्यांनी पटावर पुन्हा मांडून सोडवाव्यात.