ब्रेक थांबवतो चाकाला, गाडीला थांबवतो रस्ता

"दाब... सोड... दाब... आता धर!"

गाडीखालून आवाज येतो. आत बसलेला मित्र पेडल तळाशी धरून ठेवतो. गाडीखालचा माणूस चाकामागचा निपल, म्हणजे हवा काढायचा पोकळ स्क्रू, अर्धा आटा सैल करतो आणि पारदर्शक नळीतून काळपट ब्रेक ऑइलबरोबर बुडबुडे बाहेर पडतात. निपल पुन्हा घट्ट आवळल्यावरच पेडल सोडायचं, नाहीतर गेलेली हवा तशीच परत आत ओढली जाते. अशा पद्धतीने ब्रेकची हवा काढायला दोन माणसं लागतातच. आमच्याकडे तिसरा मित्रही होता. एका हातात टॉर्च धरून तो ऑइलच्या डबीवर नजर ठेवून होता, कारण डबी रिकामी झाली की सगळी मेहनत पहिल्यापासून.

गाडी वडिलांची, १९८९ सालची प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली ही गाडी मुंबईने टॅक्सी म्हणून इतकी वर्षं पाहिली की शेवटच्या काळ्यापिवळ्या पद्मिनीची मुदत ऑक्टोबर २०२३मध्ये संपली, तेव्हा अनेकांना घरचं माणूस गेल्यासारखं वाटलं. तिची रचना साधी आहे. पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाटे (एकावर एक रचलेल्या पोलादी पानांच्या स्प्रिंग), चारही चाकांना ड्रम ब्रेक. शिकायला याहून चांगली गाडी मला माहीत नाही, सगळं डोळ्यांना दिसतं.

ब्रेकचं काम म्हणजे गाडीच्या वेगातली ऊर्जा उष्णतेत बदलणं. माणसांसह १,२०० किलोची गाडी ताशी ६० किलोमीटरवरून थांबवली, तर सुमारे १ लाख ६७ हजार ज्यूल उष्णता तयार होते. अर्धा लिटर पाणी उकळीला आणायला जवळपास तेवढीच लागते. वेग ८० केला की हा आकडा पावणेदोन पट होतो, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. घाटात तर वेग न वाढवताही हिशोब फुगतो. ५०० मीटर उंचीवरून ही गाडी खाली आणताना जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यावर अठरा लिटर पाणी उकळेल. तिचा काही भाग हवा आणि टायर खातात. उरलेली इंजिनवर टाकायची की ब्रेकवर, हे आपल्या हातात असतं. म्हणूनच ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, असं जुने ड्रायव्हर सांगतात.

ड्रमची अडचण इथेच आहे. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा पोकळ डबा. त्याचे शू, म्हणजे घर्षणाचा लायनर लावलेल्या अर्धगोल पट्ट्या, आतून बाहेर दाबले जातात, आणि ड्रम तापला की प्रसरण पावून शूपासून दूर सरकतो. पेडल खोल जाऊ लागतं. त्यातच तापलेल्या लायनरचं घर्षण घटतं. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी चकती, तिला दोन्हीकडून पॅड चिमटीत धरतात. तिचं उलट आहे: ती तापून जाड झाली तर पॅडच्या जवळच येते, शिवाय उघड्यावर असल्याने लवकर निवते. मग चारही ड्रम काढून डिस्क का बसवू नयेत? ड्रममध्ये फिरण्याच्या दिशेचा शू घर्षणाने स्वतःच अधिक ओढला जातो आणि पायाला फुकट मदत मिळते. डिस्क ही मदत करत नाही. मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ऑइलला देणारा) आणि बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा) यांचा विचार न करता नुसती डिस्क लावली, तर पेडल दगडासारखं लागतं. पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल बिघडून मागची चाकं आधी जाम झाली, तर गाडी गोल फिरते. शिवाय नोंदणीतल्या मूळ रचनेत असा बदल करण्याआधी आरटीओत विचारावं लागतं. आम्ही ड्रमच ठेवले. नवे लायनर, नव्या रबरी नळ्या, नव्या सीलचे व्हील सिलिंडर (ऑइलच्या दाबाने शू ढकलणारे) आणि ताजं ऑइल, एवढंच केलं.

एवढंच म्हणालो खरा, पण ऑइल ही क्षुल्लक गोष्ट नाही. नेहमीचं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, आणि कोकणच्या पावसाळ्यात तर जोमाने. ताजं डॉट-३ दर्जाचं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, अशी अट असते. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की तीच मर्यादा १४० अंशांवर येते. घाटात ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला तरी आकसत नाही, वाफ आकसते. मग पाय तळाला जातो आणि चाकाला काहीच कळत नाही.

आता शॉकॉब (शॉक अब्सॉर्बर) आणि पाटे. ब्रेक फक्त चाकाला थांबवतो. गाडी थांबते ती टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणाने, आणि हे घर्षण टायरवर त्या क्षणी किती भार आहे यावर ठरतं. खड्ड्यावरून उडालेल्या चाकावर भार शून्य, म्हणून पकडही शून्य. स्प्रिंग धक्का साठवते आणि परत फेकते. ती ऊर्जा गिळून टाकायचं काम शॉकॉबचं, तेही आतलं तेल बारीक छिद्रांतून ढकलून, म्हणजे पुन्हा उष्णताच करून. बॉनेटचा कोपरा जोरात दाबून सोडा. गाडी एकदा वर येऊन बसली तर ठीक, हेलकावत राहिली तर शॉकॉब गेले. आमची हेलकावत होती. नवे लायनर लावूनही खडबडीत रस्त्यावर ती वेळेत थांबली नसती. म्हणून ब्रेक आणि सस्पेन्शन ही दोन कामं मी वेगळी मानत नाही.

पाट्यांच्या पानांमधला गंज खरवडून, ग्रीस लावून, बुश (सांध्यांतली रबरी नळकांडी) बदलले. गाडी 'कडक' व्हावी म्हणून जादा पान घालायचा मोह आम्ही टाळला. स्प्रिंगचा ताठरपणा दुप्पट झाला की हेलकाव्याची गती १.४ पट होते, आणि रिकाम्या गाडीचं मागचं चाक रस्त्यावर टेकण्याऐवजी उड्या मारतं. पुढच्या कॉइल स्प्रिंगला मात्र हात लावला नाही, त्या गॅरेजमध्ये दिल्या. ३०० किलो भाराने १५ सेंटिमीटर दबलेली स्प्रिंग निसटली, तर १० किलोचं वजन दोन मीटरहून उंचावरून डोक्यात पडल्यासारखं होतं. गाडीही नुसत्या जॅकवर कधी ठेवली नाही, खाली लोखंडी स्टँड होतेच. जुन्या लायनरची धूळ फुंकरीने न उडवता पाण्याने भिजवून पुसली, कारण तिच्यात ॲसबेस्टॉस असू शकतं.

रविवारी सकाळी रिकाम्या मैदानात ताशी ३०वरून वीसेक वेळा हलके ब्रेक मारले, म्हणजे नवे लायनर ड्रमला घासून बसतात. मग तिघांनी चाकांच्या मध्याजवळ हात धरून पाहिलं. पुढची दोन्ही चाकं सारखीच गरम होती. मागची कोमट, कारण ब्रेक मारताना भार पुढे झुकतो आणि जास्त काम पुढचेच ब्रेक करतात. डावं-उजवं सारखं तापलंय, म्हणजे गाडी एका बाजूला ओढणार नाही, असं म्हणत वडील चावी घ्यायला पुढे आले.