एचआयव्ही टेस्टला आधार लागत नाही: धंद्यातल्या बायकांसाठी तपासणी, औषधं आणि कागदपत्रं

मागच्या महिन्यात एका ताईला घेऊन सरकारी दवाखान्यात गेले होते, केस पेपरच्या खिडकीवर आधी आधार दाखवा म्हणाले आणि ती पदर तोंडावर ओढून थेट गेटच्या बाहेर. तिचं आधारच काय, गावाकडचा शाळेचा दाखला पण घरवालीच्या, म्हणजे कोठा चालवणाऱ्या बाईच्या, ट्रंकेत कुलपात. म्हणून हे लिहितेय.

एचआयव्हीची तपासणी आयसीटीसीत, म्हणजे सरकारी समुपदेशन आणि तपासणी केंद्रात होते. सिव्हिल हॉस्पिटल, ग्रामीण रुग्णालय इथं ते केंद्र असतं, फुकट आहे. वय १८ पूर्ण असेल तर तुमची स्वतःची संमती पुरे, नवऱ्याची नाही, घरवालीची नाही. केस पेपरवर कोणी अडवलं तर सरळ समुपदेशक मॅडमकडे जायचं. त्या आधी बोलतात, मग रक्त घेतात, रिपोर्ट बहुतेक वेळा त्याच दिवशी. पॉझिटिव्ह सांगण्याआधी तीन वेगवेगळ्या किटवर तपासतात. आणि नुकताच धोका झाला असेल तर आजच्या निगेटिव्हवर निर्धास्त राहू नका, तीन महिन्यांनी परत करा.

आपल्या भागात संस्थेचा टीआय प्रकल्प, म्हणजे धंद्यातल्या बायकांना एचआयव्हीपासून वाचवायचा प्रकल्प, असेल तर तिथं नाव नोंदवा. पात्रता इतकीच की बाई १८ च्या वरची आणि पोटासाठी हे काम करणारी. निरोध फुकट, दर तीन महिन्यांनी गुप्तरोगाची तपासणी, दर सहा महिन्यांनी एचआयव्ही आणि गरमीची (सिफिलिसची) टेस्ट. अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं, खाली फोड येणं हे अंगावर काढू नका, जखम असली की एचआयव्ही लवकर शिरतो. गिऱ्हाइकाला निरोध लावायला लावणाऱ्या कितीतरी जणी मालक म्हणून, म्हणजे नवऱ्यासारखा, सोबत राहणाऱ्या माणसापुढे गप्प बसतात, आणि आजार तिथूनच येतो, हे मला फार लागतं.

जबरदस्ती झाली असेल तर ७२ तासांच्या आत सरकारी दवाखाना गाठा, जितक्या लवकर तितकं बरं, एचआयव्ही लागू नये म्हणून पेप नावाच्या गोळ्या २८ दिवस घ्यायच्या.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर आयसीटीसीचा रिपोर्ट घेऊन एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रात, नोंदणी. तिथं फोटो, ओळखपत्र, पत्ता विचारतात, काहीच नसेल तर संस्थेच्या ताईला सोबत न्या. सीडी४ (रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा) किती का असेना, गोळ्या लगेच सुरू होतात, त्याही फुकट. रोज घेतल्या आणि व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) दबला की संबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही, तरी बाकीच्या गुप्तरोगांसाठी निरोध ठेवायचाच.

आता आधारचं. १९ मे २०२२ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की पत्त्याचा पुरावा नसला तरी सेक्स वर्करला आधार मिळायला पाहिजे. त्यासाठी ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं, त्यावर नॅकोच्या (देशपातळीवरच्या एड्स नियंत्रण संघटनेच्या) राजपत्रित अधिकाऱ्याची नाहीतर राज्य एड्स नियंत्रण सोसायटीच्या प्रकल्प संचालकांची सही. आपण मुंबईला चकरा मारायच्या नाहीत, संस्थेतून किंवा जिल्ह्याच्या एड्स नियंत्रण कक्षातून, ज्याला सगळे डापकू म्हणतात, तिथून कागद पुढे पाठवायला सांगायचं. आधारवर धंद्याची कसलीही खूण येत नाही, कोर्टानंच बजावलंय.

संमती न घेता टेस्ट करणं किंवा रिपोर्ट दुसऱ्याला सांगणं २०१७ च्या एचआयव्ही कायद्यात बसत नाही. घरवाली रिपोर्ट मागायला आली तरी समुपदेशकानं द्यायचा नसतो. जवळचं केंद्र कुठंय ते १०९७ वर विचारा, फोनला पैसे पडत नाहीत. ती ताई परवा परत आली होती, या वेळी आम्ही खिडकीवर थांबलोच नाही.