चिपट्यात किती ग्रॅम?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या जुन्या घरांत तांदळाच्या डब्यात अजून धान्य मापायचं चिपटं असतं. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. शेजारच्या कानडी घरात त्याच पाव शेराला पावु म्हणतात. मोबाइलवरची पाककृती मात्र ग्रॅम मागते, आणि चिपट्याचे ग्रॅम किती याला एकच एक उत्तर नाही.

कारण माप जागा मोजतं. 240 मिलिलिटरच्या कपात पाणी 240 ग्रॅम मावतं, तेल साधारण 220, साखर 200, आणि मैदा जेमतेम 125. तोही चाळून अलगद भरला तर 120च्या आत, पिठात कप खुपसून भरला तर 150पर्यंत. साखर-मैद्यात हा सगळा कणांमधल्या हवेचा खेळ आहे.

धान्यातही हवा असतेच. एकसारखे गोल दाणे ओतून, हलवून कितीही बसवले तरी सुमारे 64 टक्केच जागा व्यापतात. किंचित चपटे दाणे याहून दाट बसतात, हे प्रिन्स्टनच्या संशोधकांनी 2004 मध्ये दाखवलं. फार लांबट झाले की पोकळी पुन्हा वाढते. म्हणूनच त्याच चिपट्यात आखूड जाड तांदूळ जास्त भरतो, लांब बासमती कमी.

त्यातून शीग लावली, म्हणजे काठाच्या वर निमुळता ढीग रचला, तर हिशेब आणखी बदलतो. मापाची उंची तोंडाच्या रुंदीइतकी असेल, तर 30 अंशांच्या उताराची शीग जवळजवळ एक दशांश धान्य वाढवते. उंची रुंदीच्या निम्मी असेल, तर जवळपास एक पंचमांश! धान्य देण्याघेण्यात मापाच्या तोंडावरून वाद होत, ते उगाच नव्हे.

जुन्या वहीतला ‘एक शेर रवा’ वाचताना तो तोलायचा शेर की मापायचा, हे आधी पाहावं. बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं त्याच 1956 साली मेट्रिक वजनमापांचा कायदा झाला. त्यात 80 तोळ्यांचा शेर 933.10 ग्रॅमचा धरला आहे. मापायचा शेर गावोगाव वेगळा होता.

इडलीला तीन मापं तांदूळ, एक माप उडीद घेताना ग्रॅमची गरजच नाही. भांडं तेच असलं म्हणजे झालं. केकचा मैदा मात्र तोलूनच घ्यावा. आपलं चिपटं केवढं हे कळायला ते काठोकाठ पाण्यानं भरून तोला आणि रिकाम्या चिपट्याचं वजन वजा करा. उरतील तितके ग्रॅम म्हणजे तितकेच मिलिलिटर.