म्हाडा कोकण मंडळाची सोडत: २० टक्के योजनेतील घराची पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज नेमका कोठे अडतो

ठाणे, कल्याण-डोंबिवली, वसई-विरार या पट्ट्यात खासगी विकासकांच्या मोठ्या संकुलांत कमी उत्पन्नाच्या कुटुंबांनाही जागा मिळावी, यासाठी राज्य शासनाने २०१३ मध्ये सर्वसमावेशक गृहनिर्माणाचा नियम केला. दहा लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या महानगरपालिकांमध्ये ४,००० चौरस मीटर व त्यापेक्षा मोठ्या भूखंडावरील प्रकल्पात २० टक्के हिस्सा अत्यल्प आणि अल्प उत्पन्न गटांसाठी राखावा लागतो, आणि ती घरे म्हाडाच्या, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या, सोडतीतून दिली जातात. या पट्ट्याचे काम पाहणाऱ्या म्हाडाच्या कोकण मंडळाच्या २०२५ च्या सोडतीत ५,२८५ घरे होती. त्यांपैकी या योजनेतील घरे केवळ ५६५. मागणीच्या मानाने हा आकडा फारच लहान आहे. असे असताना, ज्यांचे नाव सोडतीच्या यादीपर्यंत पोहोचायलाच हवे होते अशी कुटुंबे एखाद्या दाखल्यापायी आधीच गळतात, हे दरवर्षी पाहावे लागते आणि म्हणून हे लिहीत आहे.

पहिला गैरसमज नोंदणीचा आहे. २०२३ पासून म्हाडाच्या नव्या संगणकीय प्रणालीत कागदपत्रांची पडताळणी सोडतीपूर्वीच होते. आधार, पॅन, अधिवास (राज्यात वास्तव्य असल्याचा दाखला) आणि उत्पन्नाचा पुरावा सादर केला की नोंदणी पूर्ण होते, आणि अनेकांना वाटते की अर्जही झाला. तो झालेला नसतो. जाहिरात आल्यावर त्यातील योजनेचा संकेत क्रमांक निवडून, अर्ज भरून, अर्जाचे शुल्क (५०० रुपये व त्यावर वस्तू व सेवा कर, म्हणजे ५९० रुपये) आणि अनामत रक्कम भरल्यानंतरच अर्ज ग्राह्य धरला जातो. जाहिरातीत अर्ज भरण्याची, ऑनलाइन पैसे भरण्याची आणि बँकेतून आरटीजीएस किंवा एनईएफटीने पैसे भरण्याची अंतिम मुदत वेगवेगळी दिलेली असते. बँकेतून पैसे भरण्याची शेवटची तारीख बँकेच्या कामकाजाच्या वेळेपुरतीच असते, हे लक्षात न आल्याने संध्याकाळी पैसे भरायला निघालेल्यांचे अर्ज बाद होतात. मुदतवाढ मिळेल या भरवशावर तर मुळीच राहू नये.

अधिवास प्रमाणपत्राइतके दुसऱ्या कोणत्याही कागदाने लोकांना रडवलेले नाही. शाळेच्या वेळी काढून लॅमिनेट करून ठेवलेले जुने प्रमाणपत्र चालत नाही. ते मागील पाच वर्षांतील आणि बारकोड असलेले लागते. ‘आपले सरकार’ संकेतस्थळावर किंवा सेतू केंद्रात अर्ज केल्यास पंधरा दिवसांत ते मिळायला हवे. खरी अडचण पुराव्यांची आहे. डोंबिवलीत चार वर्षे, मग दिव्यात तीन, मग नालासोपाऱ्यात, असे तोंडी करारावर भाड्याने राहिलेल्या कुटुंबाकडे सलग वास्तव्याचा कागद असणार कोठून? ज्या कुटुंबांसाठी ही योजना आखली, त्यांच्याकडेच हा पुरावा सर्वांत कमी असतो, याचा विचार नियम करताना व्हायला हवा होता. तोपर्यंत शाळा सोडल्याचा दाखला, मुलांचे शाळेचे दाखले, शिधापत्रिका, बँकेचे जुने पासबुक असे तुकडे जोडून साखळी तयार करावी, आणि हे काम जाहिरातीची वाट न पाहता आजच सुरू करावे.

उत्पन्नाबाबत दोन चुका सातत्याने होतात. मुंबई महानगर प्रदेशात वार्षिक सहा लाख रुपयांपर्यंत अत्यल्प, त्यापुढे नऊ लाखांपर्यंत अल्प, बारा लाखांपर्यंत मध्यम आणि त्यावर उच्च उत्पन्न गट असतो. यात पती-पत्नी दोघांचे उत्पन्न धरले जाते, आईवडिलांचे किंवा भावाचे नाही. पत्नीचे शिवणकाम किंवा शिकवणीचे उत्पन्न वगळून गट ठरवणे महागात पडते. दुसरी चूक वर्षाची: आर्थिक वर्ष २०२३-२४ चे प्राप्तिकर विवरणपत्र म्हणजे करनिर्धारण वर्ष (असेसमेंट इयर) २०२४-२५ चे. जाहिरातीत जे वर्ष मागितले आहे ते आर्थिक की करनिर्धारण, हे दोनदा वाचावे. विवरणपत्र भरत नसल्यास तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला चालतो, परंतु तो मुलांच्या शाळेसाठी काढलेला, वडिलांच्या नावाचा नसावा. अर्जदाराच्या नावाचा आणि मागितलेल्या वर्षाचा असावा.

नावांतील फरक किरकोळ वाटतो. आधारवर सासरचे आणि पॅनवर माहेरचे नाव असेल तर प्रणाली ते स्वीकारत नाही, तेव्हा दुरुस्ती आधीच करून घ्यावी. आधारला चालू मोबाइल क्रमांक जोडलेला असावा. विवाहित अर्जदारास जोडीदाराचे आधार आणि पॅनही द्यावे लागते. घटस्फोट झाला असल्यास न्यायालयाच्या हुकूमनाम्याची प्रत लागते. नवऱ्याने टाकून दिलेल्या, पण हुकूमनामा नसलेल्या बहिणींची येथे फार ओढाताण होते. तरीही ‘अविवाहित’ अशी नोंद करू नये; खोटी माहिती उघड झाली की मिळालेले घरही जाते. आपली परिस्थिती मंडळाच्या कार्यालयात लेखी मांडावी आणि पोच घ्यावी.

मालकीच्या घराची अट नीट समजून घ्यावी. २० टक्के योजनेत अर्जदार, जोडीदार किंवा अज्ञान (अठरा वर्षांखालील) मुले यांच्या नावे त्या महानगरपालिकेच्या हद्दीत घर नसावे. गावाकडचे वडिलोपार्जित घर आड येत नाही. पंतप्रधान आवास योजनेच्या घरांसाठी मात्र देशात कोठेही पक्के घर असून चालत नाही. एकाच जाहिरातीत दोन्ही योजना असल्या की अनेकजण येथे फसतात.

मुदत संपल्यावर स्वीकृत अर्जांची प्रारूप यादी लागते आणि दावे-हरकतींसाठी थोडेच दिवस मिळतात. यादीत नाव नसल्यास त्याच दिवसांत हरकत नोंदवावी. नंतर कोणी ऐकून घेत नाही. म्हाडाने कोणीही दलाल नेमलेला नाही, त्यामुळे ‘घर लावून देतो’ म्हणणाऱ्यास एक रुपयाही देऊ नये.

घर लागल्यावर ऑनलाइन स्वीकृती दिलेल्या मुदतीत कळवावी लागते. जाहिरातीतील किमतीत मुद्रांक शुल्क, नोंदणी शुल्क आणि देखभाल खर्च नसतो, आणि पाच वर्षे घर विकता येत नाही. रोख मजुरी करणाऱ्या कुटुंबाला तहसीलदारांच्या दाखल्यावर बँक कर्ज देतेच असे नाही. सोडतीत नाव येऊनही पैसे उभे न राहिल्याने घर परत केलेली माणसे मी पाहिली आहेत. म्हणून संकेत क्रमांक निवडण्यापूर्वीच त्या घराची किंमत घेऊन बँकेत जावे आणि किती कर्ज मंजूर होऊ शकेल ते विचारून घ्यावे.