डीव्हीआर की एनव्हीआर: खोक्याआधी केबल बघा

नाशिकमधल्या एका चार मजली व्यापारी संकुलातून मला फोन आला. तळमजल्यावर कापडाचं दुकान असलेले काका म्हणाले, "भाऊ, हा डीव्हीआर काढून टाका आणि एनव्हीआर बसवून द्या. गेटवर आलेल्या माणसाचा चेहराच ओळखू येत नाही." दोन्ही म्हणजे सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारी खोकी. जाऊन पाहिलं. २ मेगापिक्सेलचे १६ कॅमेरे, कन्सिल पाइपातून नेलेली अस्सल तांब्याची केबल, आणि गेटचा कॅमेरा थेट काचेच्या दाराकडे तोंड करून. दुपारी त्या दारातून ऊन आत येतं आणि आत शिरणारा प्रत्येक माणूस नुसती काळी आकृती दिसतो. एनव्हीआर बसवला असता तरी तो काळाच दिसला असता, आणि काकांचे पैसे वाया गेले असते.

आपल्याकडे रेकॉर्डिंग करणाऱ्या कुठल्याही खोक्याला डीव्हीआरच म्हणतात. चोरीनंतर चौकशीला आलेले पोलीसही "डीव्हीआर कुठं ठेवलाय?" असंच विचारतात. बोलताना ते चालतं, पण कोटेशन मागवताना ही गल्लत महागात पडते. म्हणून आधी खोक्याची मागची बाजू बघा. गोल, पिळून बसवायच्या बीएनसी सॉकेटची रांग दिसली तर तो डीव्हीआर. इंटरनेटच्या वायरीसारखे चौकोनी आरजे-४५ सॉकेट आठ-सोळा असतील तर तो पीओई (नेटवर्कच्या केबलवरूनच कॅमेऱ्याला वीज द्यायची सोय) असलेला एनव्हीआर. असं एखाद-दुसरंच सॉकेट असेल आणि बीएनसी एकही नसेल, तर तोही एनव्हीआरच, फक्त त्याला बाहेरून वेगळा स्विच (अनेक नेटवर्क केबल्स एकत्र जोडणारं उपकरण) लागतो.

खरा फरक चित्राची फाइल कुठे तयार होते यात आहे. डीव्हीआरच्या पद्धतीत कॅमेरा चित्राचा सिग्नल कोॲक्सियल (टीव्हीच्या डिशला असते तशा गोल) केबलवरून खाली पाठवतो. तो कॉम्प्रेस करून हार्ड डिस्कवर लिहिण्याचं काम खोकं करतं. एनव्हीआरच्या पद्धतीत कॅमेराच (याला आयपी कॅमेरा म्हणतात) हे सगळं जागेवर उरकतो आणि तयार माल नेटवर्कवरून पाठवतो. खोकं तो घेतं आणि जपून ठेवतं. केबल, वीज, अंतर, बिघाड, सुरक्षितता, हे बाकीचे सगळे फरक यातूनच निघतात. चित्र स्वच्छ दिसणं मात्र यातून आपोआप निघत नाही.

"एनव्हीआर म्हणजे क्लिअर" ही समजूत जुन्या ॲनालॉग कॅमेऱ्यांच्या काळातली आहे. तेव्हा डीव्हीआरवर साधारण ७०४ बाय ५७६ पिक्सेलचं चित्र मिळायचं आणि आयपी कॅमेरा त्याच्या कितीतरी पुढे होता. नंतर एचडी-सीव्हीआय, एचडी-टीव्हीआय, एएचडी या पद्धती आल्या आणि त्याच कोॲक्सियल केबलवरून २, ५, अगदी ८ मेगापिक्सेलही यायला लागले. आज २ मेगापिक्सेल म्हणजे दोन्हीकडे १९२० बाय १०८० पिक्सेलच. चेहरा ओळखू येईल की नाही हे लेन्स, प्रकाश आणि कॅमेरा किती उंचीवर आहे यावर ठरतं. अनोळखी माणसाचा चेहरा ओळखण्यासाठी आंतरराष्ट्रीय मानकात मीटरला २५० पिक्सेल धरलेत. म्हणजे २ मेगापिक्सेलच्या चित्रात गेटची साधारण साडेसात मीटर रुंदी मावते, त्याहून जास्त नाही. अख्खं पार्किंग एका कॅमेऱ्यात घेऊन चेहरे मागितले तर ते कुठलंच खोकं देणार नाही.

डीव्हीआरमध्ये एक फसगत मात्र खरोखर होते, आणि ती मला वारंवार सापडते. पेटीवर "१०८०" छापलेलं असतं, पण सेटिंगमध्ये "१०८०एन" किंवा "१०८० लाइट" लिहिलेलं असतं. याचा अर्थ आडवे पिक्सेल निम्मेच, साधारण ९६०. उंची पूर्ण आणि रुंदी अर्धी असं ते चित्र पडद्यावर ताणून दाखवलं जातं. लाइव्ह बघताना झकास वाटतं. रेकॉर्डिंग काढून झूम केलं की चेहरा फुटतो. काकांच्या डीव्हीआरवर सोळाच्या सोळा कॅमेरे असेच लावलेले होते. विकणाऱ्याने हे सांगितलं नव्हतं आणि विचारायचं असतं हे काकांना कुठून माहीत असणार!

आता केबल. माझ्या मते व्यापारी इमारतीत निर्णय इथेच होतो.

डीव्हीआरला प्रत्येक कॅमेऱ्याची केबल थेट खोक्यापर्यंत आणावी लागते. ३२ कॅमेरे म्हणजे डक्टमधून ३२ केबल्सचा जुडगा खाली उतरणार. आपल्याकडे त्यासाठी सर्रास थ्री प्लस वन वापरतात: एक कोॲक्सियल आणि विजेच्या तीन बारीक तारा, एकाच आवरणात. चांगल्या आरजी-५९ केबलवरून २ मेगापिक्सेलचं चित्र साधारण ३०० मीटरपर्यंत जातं, बारीक थ्री प्लस वन त्याच्या बरीच आधी दमते. चित्राच्याही आधी दमते ती वीज. एसएमपीएसमधून (कॅमेऱ्यांना वीज पुरवणाऱ्या पेटीतून) निघालेले १२ व्होल्ट बारीक तारेतून लांबवर जाईपर्यंत घटतात. दिवसभर कॅमेरा ठीक चालतो. अंधार पडला की त्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, करंट वाढतो, व्होल्टेज आणखी पडतं आणि चित्र जातं किंवा कॅमेरा बंद-चालू होत राहतो. "दिवसा दिसतो, रात्री जातो" अशी तक्रार असेल तर कॅमेरा बदलण्याआधी त्याच्या टोकाशी, रात्री, मल्टिमीटर लावून बघा.

एनव्हीआरच्या पद्धतीत कॅट-६ या नेटवर्क केबलवरून चित्र आणि वीज दोन्ही जातात. पीओईची वीज सुमारे ४८ व्होल्टची असते. तेवढ्याच वॉटला करंट चौपट कमी लागतो, म्हणून तारेत घटही कमी. पण अंतराची मर्यादा कडक: स्विचपासून कॅमेऱ्यापर्यंत १०० मीटर. मोठ्या इमारतीत ही अडचण फारशी जाणवत नाही, कारण प्रत्येक मजल्यावर एक स्विच बसवला की त्या मजल्याचे कॅमेरे तिथेच थांबतात आणि खाली एकच केबल किंवा फायबर उतरतो. पुढच्या वर्षी तिसऱ्या मजल्यावर दोन कॅमेरे वाढवायचे झाले तर तळापर्यंत नवी केबल ओढावी लागत नाही. सात-आठ मजल्यांच्या नव्या बांधकामात याहून मोठं कारण शोधायची गरज नाही, आयपी कॅमेरे आणि एनव्हीआरच घ्या. दोन इमारती जोडायच्या असतील तर मधे फायबरच हवा. कोॲक्सियल घातली तर अर्थिंगमधल्या फरकाने चित्रात पट्टे येऊ शकतात, आणि तांब्याची कुठलीही तार असली तरी विजांच्या दिवसांत उपकरणं जळू शकतात.

केबल घेताना पातीने तार खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. पीओईसाठी ते वापरू नका, रोल कितीही स्वस्त मिळत असला तरी.

वीज गेली की हिशेब उलटतो. डीव्हीआर आणि एसएमपीएस एकाच खोलीत असतात, तिथे एक यूपीएस ठेवला की सगळे कॅमेरे जिवंत. आयपी पद्धतीत मजल्यामजल्यावरच्या स्विचना यूपीएस नसेल, तर एनव्हीआर चालू राहूनही त्याच्याकडे काहीच येत नाही. हा खर्च कोटेशनमधून हमखास राहून जातो. उलट आयपी कॅमेऱ्यात मेमरी कार्ड घालायची सोय असेल तर स्विच आणि एनव्हीआरमधली केबल तुटली तरी तो स्वतःपाशी रेकॉर्डिंग ठेवतो. गेट आणि कॅश काउंटरसाठी मी हे आवर्जून सुचवतो.

एनव्हीआर घेताना "१६ चॅनेल" एवढंच वाचू नका. एकूण किती एमबीपीएस (सेकंदाला किती मेगाबिट डेटा) तो आत घेऊ शकतो ते विचारा. ८० एमबीपीएसच्या खोक्याला प्रत्येकी ४ एमबीपीएसचे १६ कॅमेरे झेपतात, कारण बेरीज ६४ होते. तेच कॅमेरे ८ एमबीपीएसचे घेतले की १२८, आणि शेवटचे काही चालणारच नाहीत. हार्ड डिस्कचं गणित दोन्हीकडे सारखंच: ४ एमबीपीएसचा एक कॅमेरा दिवसाला सुमारे ४३ जीबी खातो, म्हणजे १६ कॅमेऱ्यांचे ३० दिवस ठेवायला २० टीबीच्या वर जागा लागते.

सुरक्षिततेत आयपी कॅमेरा जास्त जोखमीचा, कारण तो स्वतः एक छोटा संगणक आहे. कोॲक्सियलच्या टोकाला असलेल्या कॅमेऱ्यात इंटरनेटवरून कुणी शिरू शकत नाही. पण म्हणून डीव्हीआर निर्धास्त, असं समजू नका. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने कारखान्यातला मूळ पासवर्ड न बदललेले आयपी कॅमेरे आणि डीव्हीआर, दोन्ही मोठ्या संख्येने ताब्यात घेतले होते. कॅमेऱ्यांसाठी वेगळं नेटवर्क ठेवा. ऑफिसच्या वायफायवर ते नकोतच. एप्रिल २०२५ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना केंद्र सरकारने ठरवलेल्या सुरक्षा कसोट्या पार कराव्या लागतात. त्याचं प्रमाणपत्र मॉडेल नंबरासकट मागा.

घड्याळाकडे कुणी बघत नाही आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. जालना मतदारसंघाच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीचा खटला आठवा, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. उमेदवारी अर्ज दुपारी ३ च्या मुदतीत दाखल झाला का, हा वाद होता आणि पुराव्यात निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रीकरण होतं. मूळ उपकरण हजर न करता त्यातली प्रत द्यायची असेल तर कायद्यातलं प्रमाणपत्र अनिवार्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने त्या खटल्यात २०२० साली सांगितलं. आज ते प्रमाणपत्र भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली द्यावं लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा अंकी ठसा) लिहावी लागते. खोकं कुठलंही असो, त्याचं घड्याळ चुकलेलं असेल तर तेवढ्यावरूनच वाद उभा राहतो. एनव्हीआर नेटवर्कवर असतोच, त्याला इंटरनेट मिळालं तर तो तिथून वेळ जुळवून घेतो आणि कॅमेऱ्यांनाही देतो, फक्त ते सेटिंग चालू करावं लागतं. इंटरनेटला न जोडलेला डीव्हीआर हळूहळू मागे-पुढे सरकत जातो. महिन्यातून एकदा मोबाइलशी ताडून बघायचं काम वॉचमनच्या वहीत लिहून ठेवा.

जुनी केबल चांगली असेल तर मधला रस्ताही आहे. एक्सव्हीआर म्हणून मिळणारं खोकं बीएनसीवरचे जुने कॅमेरे घेतं आणि काही आयपी कॅमेरेही घेतं.

काकांच्या संकुलात तेच केलं. जिने आणि गाळ्यांपुढचे १५ कॅमेरे आणि त्यांची केबल तशीच ठेवली. रेकॉर्डिंग पूर्ण १०८० वर नेलं. त्यामुळे सेकंदाला २५ ऐवजी १२ फ्रेम मिळतात, पण जिन्यातून चालणाऱ्या माणसाला तेवढ्या पुरतात. गेटवर प्रखर उजेड सांभाळणारा, डब्ल्यूडीआरचा एकच आयपी कॅमेरा घेतला आणि तो काचेसमोरून काढून बाजूच्या खांबावर, आठ फुटांवर लावला. दुसऱ्या दिवशी दुपारी १ वाजता, ऊन अगदी दारात असताना, काका स्वतः आत चालत आले आणि मग पडद्यासमोर उभं राहून त्यांनी आपला चेहरा तपासला.