वन्स मोअर इथला, हुर्यो तिथली
बालगंधर्व रंगमंदिरातून संगीत नाटक पाहून बाहेर पडणाऱ्या कुणालाही विचारा, प्रयोग कसा झाला? उत्तर पदांचं येतं. अमकं पद रंगलं, तमक्या ठिकाणी वरचा सूर जरा डळमळला, ऑर्गनची साथ झकास. नेपथ्याबद्दल चकार शब्द नाही. हेच पुणेकर जुलै-ऑगस्टात मुलाकडे जर्मनीला जातात, हौसेनं ऑपेरा महोत्सवाचं तिकीट काढतात आणि मध्यंतरात चक्रावतात. तिथे वाद चाललेला असतो तो दिग्दर्शकावरून: देवांच्या राजाला सुटाबुटात का आणलं?

या फरकाची मुळं दीडशे वर्षं मागे जातात. युरोपातली दरबारी नाट्यगृहं उन्हाळ्यात बंद असत, गायक-वादक रिकामे असत. (त्यांचा उन्हाळा म्हणजे आपला आषाढ-श्रावण.) रिचर्ड वाग्नर या जर्मन ऑपेराकारानं हीच माणसं गोळा केली आणि बायरॉइट या बव्हेरियातल्या आडगावी, स्वतःच्या नाट्यगृहात, १३ ऑगस्ट १८७६ रोजी महोत्सव सुरू केला. वादकवृंद त्यानं रंगमंचाखाली झाकलेल्या खड्ड्यात बसवला आणि प्रेक्षागृहात अंधार केला. एकमेकांचे दागिने न्याहाळायची सोय संपली; बघायला उरला फक्त रंगमंच. तोटा एवढा झाला की पुढचा महोत्सव भरायला सहा वर्षं लागली.

दरम्यान ३१ ऑक्टोबर १८८० रोजी बुधवार पेठेत, आनंदोद्भव नाट्यगृहात, अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’चे पहिले अंक केले. दोघांना एकमेकांचा पत्ता असण्याचं कारण नव्हतं. पण १८८२ साल मला फार गमतीचं वाटतं. त्या जुलैत बायरॉइटला वाग्नरचा ‘पार्सिफाल’ हा ऑपेरा आला. अंकाअंकाला कलाकारांना पडद्यापुढे बोलावून रंगाचा भंग करू नये, अशी वाग्नरची इच्छा होती. लोकांनी त्याचा अर्थ ‘टाळ्याच नकोत’ असा घेतला. मग एका प्रयोगात खुद्द वाग्नरनंच ‘ब्राव्हो’ म्हटलं, तर भक्तांनी त्यालाच दटावून गप्प केलं! त्याच वर्षी नोव्हेंबरात पुण्यात ‘संगीत सौभद्र’ रंगभूमीवर आलं आणि भाऊराव कोल्हटकरांच्या सुभद्रेनं लोकांना वेड लावलं. पुढे आपल्याकडे ‘वन्स मोअर’ हा नाटकाचा भागच झाला. पद पुन्हा, मग आणखी एकदा. कथानक तोवर ताटकळत उभं.

तिकडे दिग्दर्शक पुढे आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. हिटलरच्या वावरानं बायरॉइट डागाळलेलं, हाती पैसा नाही. १९५१ साली वाग्नरचा नातू वीलांड यानं डोंगर, झाडं, शिरस्त्राणं सगळं काढून टाकलं. उरला जवळपास मोकळा रंगमंच आणि प्रकाश. जुनेजाणते खवळले. खरा भडका १९७६ च्या शतकमहोत्सवात उडाला. पात्रीस शेरो या फ्रेंच दिग्दर्शकानं वाग्नरच्या ‘रिंग’ या ऑपेरामालिकेत ऱ्हाइन नदीच्या जागी जलविद्युत धरण उभं केलं, तेव्हा लोकांनी शिट्ट्या फुंकून हुर्यो उडवली. त्याच मांडणीच्या शेवटच्या प्रयोगाला, १९८० साली, तासाहून जास्त वेळ टाळ्या चालल्या. तिथल्या पहिल्या दिवसाच्या हुर्योवर मी तरी फारसा विसंबत नाही.

१९३४ पासून चाललेल्या इंग्लंडमधल्या ग्लाइंडबर्नच्या ऑपेरा महोत्सवात दीड तासाचं मध्यंतर आणि हिरवळीवर घरून आणलेले डबे. बटाटेवड्यापुरत्या मध्यंतराची सवय असलेल्यांनी हे लक्षात ठेवावं.

आपली तोलायची रीत मात्र गाण्याला धरून राहिली. राज्य संगीत नाट्य स्पर्धेत दिग्दर्शन-नेपथ्याला बक्षिसं आहेतच, पण ऑर्गन आणि तबल्याच्या साथीलाही वेगळी आहेत. खड्ड्यात लपवलेल्या वादकाला बायरॉइटकरांनी असं कधी हुडकून काढलं नसतं.

तिसऱ्या घंटेची सवय मात्र बायरॉइटला उपयोगी पडते. अंक सुरू होण्याआधी पितळी वाद्यांचे वादक सज्जात येऊन सूर देतात: पंधरा मिनिटं आधी एकदा, दहा मिनिटं आधी दोनदा, पाच मिनिटं आधी तीनदा. मग दारं बंद. उशिरा येणारा अंक संपेपर्यंत बाहेर.